समासातले डाग

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा, आणि तरीही समोर एक कागद आहे असं समजा. तुमच्या वहीच्या पानाहून थोडा मोठा, दुधाशिवायच्या चहासारखा रंग आलेला, घडी घालून घालून घडीवर विरलेला. वर अल्लाचं नाव. खाली नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, तिच्या बापाची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. हा लग्नाचा करार आहे. शाई इतकी फिकी झाली आहे की वाचायला खिडकीशी जावं लागतं.

आता कडेच्या समासाकडे बघा. तिथे चार पुसट डाग आहेत, खालून वर चढत गेलेले. रंग विटकरी म्हणा, नारिंगी म्हणा. कोणालाही वाटेल, कधीतरी काहीतरी सांडलं असेल.

ते सांडलेलं नव्हतं. करार झाला त्या संध्याकाळी पुरुषांनी बाहेरच्या खोलीत सह्या केल्या आणि मग कागद नवरीला दाखवायला आत पाठवला. तिला वाचता येत नव्हतं. वाऱ्याने कागद उडायला लागला तेव्हा तिने त्यावर हात ठेवला. हाताची मेंदी अजून वाळली नव्हती. तिचं नाव बहीया. पुढच्याच वर्षी मुलगा झाला आणि त्याच बाळंतपणात ती गेली. तिचा फोटो नाही, तिचा कपडा कुणी ठेवला नाही. मागे राहिले ते हे चार डाग.

तो मुलगा म्हणजे नाईलकाठच्या आमच्या इस्ना गावातले अम्म दर्दीरी; मोठ्या माणसांना आम्ही अम्म, म्हणजे काका, म्हणतो. आता पंचाहत्तरी ओलांडली. डागांची गोष्ट त्यांना लहानपणी आत्याने सांगितली होती. घरात कोणी नसलं की ते पत्र्याच्या डब्यातून कागद काढत आणि त्या चार डागांवर आपली चार बोटं ठेवत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, सुनेलाही नाही आणि नातीलाही नाही. आमच्याकडे पुरुष आपल्या आईचं नाव चारचौघांत घेत नाही. शाळेत एखाद्याच्या आईचं नाव बाकीच्या पोरांना कळलं तर ती त्याला महिनाभर छळतात. तिथे लागलेली सवय म्हातारपणीही सुटत नाही.

त्यांची नात नवारा, वय वर्षं बारा. आजोबांना ती सीदी म्हणायची. शाळा सुटली की ती वगदीच्या फोटोकॉपीच्या दुकानात जाऊन बसायची आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर लोकांचे विटलेले कागद उजळून द्यायची. कोणाचं शेताचं खरेदीपत्र, कोणाच्या वडिलांचा शाळेचा दाखला. कागद स्कॅन करायचा, पिवळेपणा घालवायचा, शाई गडद करायची, घड्यांच्या रेघा आणि वाळवीची भोकं एकेक करून भरायची. हात इतका हलका की वगदी गिऱ्हाइकांना सांगायचा, ‘‘आमच्याकडे कागद दाढी वाढवून येतात आणि नवरदेव होऊन जातात.’’

इथे एक गोष्ट समजून घ्या. शाई कुठली आणि घाण कुठली, हे यंत्राला कळत नाही. आपण त्याला सांगतो की हे ठेव, ते काढ. आपल्याला जेवढं ठाऊक असेल तेवढंच आपण सांगणार.

अम्म दर्दीरींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या हिवाळ्यात एका डोळ्याचं ऑपरेशन लक्सरला ठरलं. निघण्याआधी त्यांनी डबा उघडला आणि कागद नवाराच्या हातात दिला. म्हणाले, हा विरत चालला आहे, मी परत येईपर्यंत याला वाचव, मला तो नीट बघायचा आहे. काय वाचवायचं ते ते बोलले नाहीत. नवाराने विचारलं नाही, कारण कागदावर वाचवण्यासारखं अक्षरांशिवाय दुसरं काही असतं असं तिच्या मनातही आलं नाही.

तिने आजवर कुठल्याच कागदावर केली नसेल अशी मेहनत त्या कागदावर केली. एकेक अक्षर मोठं करून त्याची शाई परत आणली. साक्षीदाराच्या सहीचं शेपूट तुटलं होतं, ते मात्र तिने मनाने जोडलं नाही, जेवढं होतं तेवढंच ठेवलं, याचा तिला अभिमान वाटला. शेवटी समास घेतला आणि डाग काढले. चार डाग, जरा चिवट होते, वेळ लागला. मग तिने फाइल त्याच नावाने जतन केली. वगदीचा नियमच होता तसा: एका कागदाची एकच फाइल, कारण कॉम्प्युटरमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती.

मूळ कागद स्कॅनरच्या काचेवरून उचलताना घडीवर फाटला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे घेऊन ती घरी आली. तिची आई इखलास कणीक मळत होती. ती म्हणाली की ज्या कागदावर अल्लाचं नाव आहे त्याचा कपटासुद्धा पायाखाली येता कामा नये, आणि आता तर नवा कागद तयार झाला आहे. अशा कागदांना आम्ही कचऱ्यात टाकत नाही. वाहत्या पाण्यात सोडतो, नाहीतर पुरतो. नवाराने तुकडे पांढऱ्या फडक्यात घेतले, बिस्मिल्ला म्हणाली आणि घाटाच्या पायरीवरून नाईलमध्ये सोडले. कुणाचंही काही चुकलं नाही. जे करायचं असतं ते सगळं तिने आदराने केलं.

सीदी लक्सरहून परतले ते दुपारी. डोळ्यावरची पट्टी निघाली होती, नुसता काळा चष्मा होता. भिंतीवरची पाल दिसते म्हणून ते लहान मुलासारखे खूश होते. इखलासला म्हणाले की तू इतकी बारीक झाली आहेस हे मला आजच कळलं, आणि ती म्हणाली, ‘‘अम्म, तुम्हाला एकच डोळा बसवलाय, म्हणून अर्धीच दिसतेय.’’ सगळे हसले. मग नवाराने चौकटीत बसवलेला कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

कागद दुधासारखा पांढरा. अक्षरं कालच लिहिल्यासारखी. त्यांनी चष्मा काढला. वरची ओळ वाचली, दुसरी वाचली. मग नजर समासाकडे गेली. त्यांनी काच बाहीने पुसली, चौकट उजेडाकडे तिरकी धरली, परत पुसली.

‘‘ती कुठाय?’’ त्यांनी विचारलं.

नवाराला वाटलं, एखादी ओळ गळली. तिने विचारलं, कोण?

मग त्यांनी आपली चार बोटं काचेवर ठेवली आणि सगळं सांगितलं: वारा, मेंदी, आत्या. सांगून झाल्यावर म्हणाले, ‘‘जुना कागद आण, पोरी. तो चालेल मला.’’

इखलासने नवाराकडे बघितलं. नवारा तडक घराबाहेर पडली.

तुम्ही म्हणाल, पळून गेली. नाही. ती आधी घाटावर गेली, आणि तिथे पाणी होतं, दुसरं काय असणार. मग ती दुकानात गेली. वगदीने सगळं ऐकलं, कॉम्प्युटरचे कोपरे धुंडाळले, त्याच्या आतली कचऱ्याची पेटी उघडून पाहिली. जुनी फाइल कुठेच नव्हती. नव्या फाइलखाली ती पुसली गेली होती. वगदी वाईट माणूस नव्हता. पोरीचा चेहरा बघून त्याच्यानं राहवेना. त्याने दुसऱ्या कुणाच्या कागदावरचा चहाचा डाग उचलला, त्याचे चार केले, रंग थोडा लाल केला, समासात नेऊन बसवले आणि छापून तिच्या हातात दिलं.

‘‘घे. झाली मेंदी,’’ तो म्हणाला. ‘‘वर्षानुवर्षं अर्धवटच बघितलंय म्हाताऱ्याने. त्याला काय कळणार आहे? तुझ्या आजोबांचं मन राहील आणि तुझंही.’’

छपाई सुंदर होती. नवाराने ती दोनदा पाहिली, घडी पडणार नाही अशी छातीशी धरली आणि घरी आणली. रस्त्याने येताना तिने काय ठरवलं होतं ते तिलाही सांगता आलं नाही. आत जाऊन तिने तो कागद सीदींच्या पुढ्यात ठेवला आणि सापडलं, एवढंच म्हणाली.

सीदींनी कागद डोळ्याजवळ नेला. चार डाग. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी हात उचलला आणि बोटं हळूहळू डागांकडे नेऊ लागले, झोपलेल्या बाळाला शिवावं तशी.

बोटं टेकायच्या आत नवारा बोलली. ‘‘सीदी, ते चहाचे आहेत. अम्म वगदींनी केलेत. खरे मी पुसले. आणि कागद मीच पाण्यात सोडला.’’

हात अधांतरी राहिला. सीदी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं नवारा पुढे म्हणायची. ते फक्त म्हणाले, ‘‘तुझा काय दोष. मी सांगितलं कुठे होतं. आईचं नाव घ्यायची लाज वाटली मला, नातीसमोर.’’ आणि मग त्यांनी ते नाव मोठ्याने घेतलं. ‘‘बहीया.’’ घरात ते पहिल्यांदाच ऐकू आलं. पण नाव घेतल्याने समासात काही उमटलं नाही.

नवारा उठली. चहाच्या डागांचा कागद तिने बाजूला ठेवला, चौकटीची काच काढली आणि तिने उजळलेला पांढरा कागद जमिनीवर पसरला. दप्तरातली पेन्सिल आणली. सीदींना म्हणाली, इथे हात ठेवा, जसा नेहमी ठेवायचात तसा. त्यांनी ठेवला. पहिलं बोट कुठे होतं ते त्यांना नेमकं आठवत होतं. तिने त्याभोवती बारीक रेघ ओढली. दुसरं थोडं वर, तिसरं त्याच्याजवळ. चौथ्याशी ते अडखळले. इथे होतं, म्हणाले. मग म्हणाले, नाही, जरा खाली. मग हात उचलून पुन्हा ठेवला, आणि या वेळी तो तिसऱ्याच जागी पडला. इतकी वर्षं त्यांच्याऐवजी ती जागा कागदच लक्षात ठेवत होता.

‘‘कुठेही काढ,’’ ते दमून म्हणाले.

नवाराने तीन आकृत्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं: इथे बहीयाच्या मेंदीच्या बोटांचे डाग होते, ते मी पुसले, नवारा. चौथ्या बोटाची जागा तिने कोरी ठेवली.