सातव्या ओळीचे दिवस

चार वाजता मीटिंग होती, आणि सकाळचे दहा वाजले तरी शर्वरीच्या शीटवर सातव्या ओळीसमोरचा रकाना कोराच! बाकी एकोणचाळीस ओळींपुढे तिने दिवस भरून टाकले होते. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या त्या ऑफिसात तिचं कामच ते होतं. एका हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनायचं होतं, आणि ते तपासायला किती दिवस लागतील हे कोड लिहायच्या आधीच सांगायचं. त्यांना काय काय हवंय त्याची यादी आलेली, आणि त्यात सातवी ओळ एवढीच: मुलाच्या वजनाप्रमाणे औषधाचा डोस दाखवावा.

"अर्धा दिवस टाक," तिचे मॅनेजर पराग सर म्हणाले. "अगं, साधा गुणाकार आहे. पाचवीतलं गणित!"

"सर, ज्यांनी हे मागितलंय त्यांना विचारल्याशिवाय कसा टाकू?"

"टेस्टर आहेस की पोलीस?"

पण ही बया उठली, टॅक्सी केली आणि तडक बालीगंजला, त्या हॉस्पिटलात! मुलांच्या वॉर्डात कुसुमदी भेटल्या, तिथे बावीस वर्षं काम केलेल्या सिस्टर. यादीत त्यांनी मागितलेली ओळ एकच, ती सातवी. शर्वरी जन्मापासून कोलकात्याची, त्यामुळे बोलणं सगळं बंगालीत.

"वजन कसं घेता, दीदी?"

"पोर रडतं गं, काट्यावर ठरत नाही. मग पोर कडेवर देऊन आईलाच काट्यावर उभी करायची, आणि आईचं वजन वजा करायचं."

"आणि वजा करायचं राहिलं तर?"

कुसुमदींनी हातातला ट्रे खाली ठेवला. "एकदा राहिलं होतं. माझ्याच हातून. डोस जास्त गेला, पोर दोन दिवस डोळे उघडत नव्हतं. वाचलं. पण ते दोन दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून तर मागितलंय ना!"

शर्वरीने वही उघडली. मग हळूहळू एकेक विचारत गेली. इवल्या बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहितात? सलाईनने अंग सुजलं तर कोणतं वजन धरायचं? कालचंच वजन पुन्हा भरलं तर? परत येईस्तोवर एका ओळीच्या अकरा झाल्या होत्या, आणि अर्ध्या दिवसाचे साडेनऊ.

मीटिंगमध्ये पराग सरांचा चेहरा उतरला. "दुर्गापूजेच्या आधी सुरू करून देतो म्हणून शब्द दिलाय मी. आत्ता अर्धा लिही, बाकीचं काम करता करता बघू."

"तेव्हा दिवस उरलेले नसतील सर. आणि नेमकं हेच तपासायचं राहील."

सरांनी शीट पुन्हा वरून खाली वाचली. मग म्हणाले, "ठीक आहे. सातवी ओळ आत्ता काढू. जानेवारीत करू."

हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं! तिने खरा आकडा सांगितला, आणि त्या बाईंची एकुलती एक मागणीच गेली. कळवायचंही तिनेच. तिने फोन लावला, अडखळत सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कुसुमदी म्हणाल्या, "जानेवारीत तू असशील ना? की नवीन कुणीतरी येईल आणि मला परत पहिल्यापासून सांगावं लागेल?"

शर्वरीला हो म्हणता येईना. तिच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी माणसं दुसऱ्या टीममध्ये जायची. "थांबा दीदी, फोन ठेवू नका," म्हणाली आणि तशीच सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, जानेवारीच्या यादीत त्या अकरा ओळी आजच टाका. साडेनऊ दिवसांसकट. आणि पुढे माझं नाव."

"आत्ता? जानेवारीचं आत्ताच कुठे?"

"आत्ताच, सर. सिस्टर लाइनवर आहेत."

सरांनी तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग कीबोर्ड पुढे ओढला आणि विचारलं, "पहिली ओळ काय लिहू?"

तिने फोन स्पीकरवर टाकला. "दीदी, तुम्हीच सांगा."