बिनमुळाच्या शेवाळाची खुडणी

मी समुद्रातलं शेवाळ बोलतोय, पण निपाणीहून. इथून समुद्र बराच लांब आहे, हे मला मान्य आहे.

माझा जन्म मालवणकडे पाण्याखालच्या प्रवाळांच्या खडकावर झाला. माझ्या बुडाशी एक घट्ट पकड आहे, तिला लोक मूळ समजतात. ती फक्त खडक धरून ठेवते, जेवणाशी तिचा संबंध नाही. मी सगळ्या अंगानं जेवतो. तिथलं पाणी निर्मळ, म्हणजे आमच्या दृष्टीनं उपासाचं. माशांच्या विष्ठेतलं थोडं नत्र, कुठूनसं वाहत आलेलं चिमूटभर स्फुरद, एवढंच. लाट ही आमची वाढपी. ती थांबली, की अंगालगतचं पाणी तेवढं खाऊन संपतं आणि समुद्रात राहून उपास घडतो.

मला इथं सुनयनानं आणलं. ती माझ्यावर संशोधन करते. सुट्टीतही पंधरा दिवसांची नोंद मोडू नये म्हणून खाऱ्या पाण्याची काचपेटी आणि पाणी हलवणारा पंप घेऊन ती घरी आली. पाण्यात थेंबभर खत घालायची आणि रोज पट्टीनं माझी लांबी मोजायची.

तिचे वडील सिद्रामआप्पा. सगळी हयात तंबाखूच्या शेतात मजुरीत गेली. शेंडा खुडला की पान जाड होतं, हे त्यांना झोपेतही ठाऊक. तेराव्या दिवशी लेक बाजारात गेली. माझी लुकडी पानं पाहून आप्पांना कणव आली. त्यांनी बाह्या सारल्या आणि मोठ्या सफाईनं माझे शेंडे खुडले, वर निम्मी पानंही. म्हणजे तोंडंच.

“आप्पा, ह्ये काय केलासा?” सुनयना दारातूनच ओरडली.

“खुडणी केली गं. आता जोर धरतंय बघ. मूळ हाय की शाबूत.”

“त्येला मूळच न्हाय, आप्पा! पानांनी खातंय त्ये. तेरा दिवसांचं काम गेलं माझं.”

आप्पांचा चेहरा पडला. तेवढ्यात वीज गेली, पंप थांबला.

“मग आता उपाशी ऱ्हातंय व्हय?”

“पाणी हललं तर खाईल.”

आप्पा स्टूल ओढून बसले आणि हातानं पाणी ढवळू लागले. वीज चार तासांनी आली. मिठानं बोटांच्या भेगा झोंबत असणार, पण त्यांचा हात थांबला नाही. खुडणीचा माझा राग त्या चार तासांत विरघळला. मग वहीचं कोरं पान उघडून सुनयनानं लिहिलं, ‘खुडणीनंतर, दिवस पहिला.’

आज नववा दिवस. पकडीजवळ तांदळाएवढी फूट आलीय. आप्पा ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, हात न लावता.

माझी एवढीच विनंती आहे. कुणाचं भलं करायचं झालं, तर आधी त्याचं तोंड कुठं आहे ते विचारा.