नावड्याच्या वेगाने चालणारा टेप

मित्रांनो, तुम्ही कधी जुईनगरला आमच्या घरी आलात, तर टीव्हीखालच्या फळीवर एक काळी, लांबट पेटी दिसेल. तिच्यावर सध्या लाइटबिलं ठेवतात. ती पेटी म्हणजे मी, दोन कॅसेटचा जुना टेप. माझं डावं झाकण नीट लागत नाही. उजवं अजून ठणठणीत आहे. माझी गोष्ट सांगायला मी आजवर कधी बसलो नाही. पण गेल्या महिन्यापासून मी गोंधळलो आहे, आणि माझ्यामुळे या घरातली मुलगीही.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. कुणी स्क्रू लावले, कुणी एक गाणं वाजवून पाहिलं, कुणी खोक्यात भरलं. वाशीच्या दुकानातून मला श्यामसुंदर घेऊन आले. ते तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पाळ्यांमध्ये काम करायचे. मला बघून त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या, "आपलं फ्रिजचं ठरलं होतं ना?"

"फ्रिज गातो का?" श्यामसुंदर म्हणाले.

त्या उन्हाळ्यात या घराने माठाचंच पाणी प्यायलं.

सुरुवातीला मी पडेल ते वाजवलं. नाटकं, भक्तिगीतं, शेजाऱ्यांच्या लग्नातली सनई. मग एका गणपतीत श्यामसुंदर नावडे गावच्या मैदानात एका बँडचा कार्यक्रम ऐकून आले, आणि आमच्या घरातला आवाज बदलला. बँडचं नाव 'लोखंडी जिना'. चार पोरं, दोन गिटार, एक ड्रम, आणि उदयसिंह नावाचा काटकुळा गायक. कार्यक्रम उशिरा सुरू झालेला. दहाला स्पीकर बंद करायचा म्हणून पोलीस मंडपापाशी येऊन उभे राहिले होते. पोरांनी ठरलेल्या आठ गाण्यांतलं एकही सोडलं नाही, सगळी नेहमीपेक्षा वेगाने वाजवली. श्यामसुंदर घरी आले ते घाम पुसत. "काय वाजवलं गं त्यांनी," एवढंच म्हणत राहिले. जेवायचंही विसरले.

पुढच्या वर्षी त्या बँडची 'सायरन' नावाची कॅसेट आली. श्यामसुंदरांनी ती मोठ्या हौसेने माझ्यात घातली, पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "बरी आहे. पण हे ते नाही."

इथे मला माझी खोड सांगायला हवी. वर्षभराने माझी मोटर जळाली. स्टेशनजवळ कृष्णात नावाचा साताऱ्याकडचा माणूस रेडिओ-टेप दुरुस्त करायचा. त्याने घरी येऊन नवी मोटर बसवली. मोटरच्या मागच्या बाजूला एक भोक असतं, त्यात बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की टेपचा वेग कमी-जास्त होतो. वेग जुळवायला 'सायरन' लावली होती. श्यामसुंदर डोळे मिटून बसले आणि म्हणत गेले, "अजून थोडं. अजून. अजून किंचित."

"साहेब, जास्त हुतंय," कृष्णात म्हणाला.

"नाही, नाही. हां, बस. नावड्याला असंच वाजवलं होतं त्यांनी."

त्या दिवसापासून मी जरा पळत राहिलो. फार नाही, पाच मिनिटांचं गाणं पंधरा सेकंद आधी संपावं एवढंच. गायकाचा आवाजही त्यामुळे थोडा चढा, धारदार लागायचा. श्यामसुंदर खूश होते, म्हणून मीही खूश होतो. वैजयंतीबाई तेवढ्या अधूनमधून म्हणायच्या, "तुमच्या टेपवर प्रत्येकाला कंपनीची बस पकडायची असते. परवा कीर्तनकारबुवासुद्धा धावत होते." त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

त्यांची मुलगी अबोली तेव्हा पाच वर्षांची होती. रविवारी सकाळी बाप-लेक माझ्यासमोर बसायचे. श्यामसुंदर स्टीलच्या डब्यावर ड्रम वाजवायचे, अबोली लाटणं धरून गायची. 'सायरन'मधली आठही गाणी तिला शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाली. पाहुणे आले की श्यामसुंदर माझ्यावर हात ठेवून सांगायचे, "असा आवाज तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही." ते खरंच होतं, मित्रांनो. ती कॅसेट काढणारी कंपनी बुडाली, गाणी कधी फोनवर आली नाहीत. अबोलीने तो बँड ऐकला तो फक्त माझ्यातून.

पुढे जे सगळ्यांचं होतं ते माझंही झालं. बँड फुटला. कॅसेटी खोक्यात गेल्या. अबोली मोठी झाली, नोकरीला लागली, कानात बोंडं घालून गाणी ऐकू लागली. माझ्यावर आधी फुलदाणी आली, मग बिलं. सोसायटीत जुनं इलेक्ट्रिकचं सामान गोळा करणारी गाडी आली की वैजयंतीबाई माझ्याकडे बघायच्या आणि श्यामसुंदर त्यांच्याकडे. मग मिक्सर जायचा, मी राहायचो.

गेल्या वर्षी बातमी आली की 'लोखंडी जिना' तेवीस वर्षांनी नवा अल्बम काढतोय. नाव 'सुट्टीचा दिवस'. फोनवर तर येणारच, शिवाय जुन्या चाहत्यांसाठी थोड्या कॅसेटीही. श्यामसुंदरांनी त्याच संध्याकाळी आपल्या नावाने कॅसेट मागवून ठेवली. तोवर ते आजारी पडले होते. हॉस्पिटलात जायच्या दिवशी, चपला घालताना, ते अबोलीला म्हणाले, "मी तिकडे असलो तर तू ऐक आणि मला सांग, कसा आहे. उगाच मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. खरं सांग."

"सांगते, बाबा."

अल्बम यायच्या नऊ दिवस आधी ते गेले.

अल्बम आला त्या दुपारी अबोली माझ्यासमोर जमिनीवर बसली. फोन फरशीवर ठेवून तिने नऊही गाणी ऐकली. मग पुन्हा पहिल्यापासून. वैजयंतीबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "कसा आहे गं?"

"कळत नाही."

"म्हणजे चांगला नाही."

"तसं नाही, आई. शब्द चांगले आहेत. रिटायर झालेला माणूस सवयीने पाचला उठतो, ते गाणं फार चांगलं आहे. एक गाणं मात्र करंजाड्याच्या नव्या बिल्डिंगची जाहिरात वाटतं. पण सगळं ओढत चाललंय. उदयसिंहचा आवाज बसलाय. हे ते नाहीत."

"हे ते नाही, असं तर तुझे बाबा पहिल्या कॅसेटलाही म्हणाले होते," वैजयंतीबाई म्हणाल्या. अबोलीने ते ऐकलं, पण मनात धरलं नाही.

पुढचे काही दिवस ती रोज एक मत बनवायची आणि मोडायची. बँड म्हातारा झाला. नाही, मीच म्हातारी झाले. गाणी वाईट आहेत. नाही, बाबा नाहीत म्हणून तशी वाटतात. एकदा तिने आईला विचारलं, "बाबांना काय वाटलं असतं?"

"मला त्यांचं भाजीत मीठ किती तेवढं कळायचं," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग कॅसेट आली. गेटवरून फोन आला, "श्यामसुंदर साहेबांचं पार्सल आहे." अबोली खाली गेली आणि बऱ्याच वेळाने वर आली. तिने माझ्यावरची बिलं काढली, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून माझं डोकं, म्हणजे फीत घासते तो 'हेड', पुसलं. मग कॅसेट घातली. मला धास्ती होती. तीन वर्षं बसून असलेल्या टेपने फीत खाल्ली तर?

मी फीत खाल्ली नाही. मी वाजवलं, मला येत होतं तसं. पहिल्या गाण्यालाच अबोली ताठ बसली. आवाज चढा, गिटार धारदार, ड्रमला घाई. ती हसली आणि मग तिने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. "आई, ते आहेत गं. तेच आहेत."

मला तेव्हा फार लाज वाटली. पण यंत्राला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर ऐकलं, पुन्हा ओढल्यासारखं. माझ्यात ऐकलं, पुन्हा जिवंत. तिचा चेहरा बघवत नव्हता. एकच अल्बम सकाळी आवडत होता, दुपारी आवडत नव्हता. शेवटी तिने फोन आणि मी, दोघांनाही एकाच वेळी तेच गाणं सुरू करायला लावलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी पुढे निघालो होतो. माझं गाणं संपलं, फोनचं चालूच राहिलं. ती त्या उरलेल्या सेकंदांकडे बघत बसली.

कृष्णात आता इअरफोन आणि मिक्सर दुरुस्त करतो. केस पांढरे झालेत. अबोलीने बोलावल्यावर तो आला, श्यामसुंदरांच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला आणि मग त्याने मला उघडलं.

"स्पीड जास्त हाय, ताई. पण ही चूक माझी न्हाई बरं का." आणि त्याने तिला सगळं सांगितलं. नावड्याचं मैदान, डोळे मिटून बसलेले साहेब, अजून किंचित.

अबोलीने वाकून माझ्या आतला तो स्क्रू पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे मी लहानपणापासून ऐकलं, ते त्यांचं गाणं नव्हतंच?"

"गाणं त्यांचंच. चाल तेवढी साहेबांची." त्याने बारीक पेचकस हातात घेतला. "बरोबर करू का?"

तिने आईकडे पाहिलं. वैजयंतीबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. मी फ्रिज मागितला होता."

कृष्णात खाली बघून हसला. अबोली हसली नाही. "बरोबर करा, काका. मला बाबांना खरं सांगायचंय. या वेगात मी खोटं सांगीन." मग घाईने म्हणाली, "पण परत होता तिथे आणता येईल ना?"

"येईल की. घरात नेलपॉलिश हाय?"

स्क्रू जिथे होता तिथे त्याने लाल ठिपका दिला, तो वाळू दिला आणि मग स्क्रू मागे फिरवला.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. बावीस वर्षं जी माझी चाल होती ती गेली. पाय जड झाले. अबोलीने आधी 'सायरन' लावली. तिच्या लहानपणीची गाणी संथ, भारदस्त आवाजात वाजू लागली, आणि तरुण उदयसिंह आताच्या उदयसिंहसारखाच निघाला. बँड थकला नव्हता. तो पहिल्यापासून असाच चालत होता. मग तिने 'सुट्टीचा दिवस' दोन्ही बाजूंनी ऐकली. एकही गाणं पुढे पळवलं नाही.

संपल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, दोन गाणी कंटाळवाणी आहेत. पाचला उठणाऱ्या माणसाचं फार चांगलं आहे. तुम्हाला पहिल्यांदा आवडलं नसतं. बाकीच्यांचं मला अजून कळत नाही. कळलं की सांगते."

तिने कॅसेट काढली आणि झाकण हळूच लावलं. बिलं तिने परत माझ्यावर ठेवली नाहीत, निदान त्या दिवशी तरी. माझा खरा वेग कोणता, कारखान्याने दिलेला की त्या माणसाने, हे मलाही अजून कळलेलं नाही.

तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र बिलांखाली बसलेलं असेल. महिन्यातून एकदा ते चालवा, नाहीतर आतला रबरी पट्टा सैल पडतो. धूळ फुंकू नका, कापसाने पुसा. आणि ते चुकीचं चालत असेल तर जरूर दुरुस्त करा, पण स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे होता तिथे खूण करून ठेवा.