जावईबापूंची कोरडी हवा

आमच्या कारखान्यात दाबाची हवा तीन कामांना लागते. सरबताच्या भरलेल्या बाटल्या धुऊन आल्या की हवा मारून त्या वाळवायच्या, बुचावरचं गरम सील हवेनेच गार करायचं, आणि पाळी संपली की यंत्रांच्या फटींतला कचरा हवेनेच उडवायचा. चौथं काम जावईबापूंनी शोधून काढलं. ते म्हणजे जावईबापूंना झटकणं.

जावईबापू म्हणजे आमचे मॅनेजर. मालकीणबाईंचे जावई, एवढीच त्यांची पात्रता, आणि ती लग्नात मिळालेली. पांढराशुभ्र शर्ट घालून दिवसातून चारदा फेरी मारत, आणि परत जाताना ऑफिसच्या दाराशी टांगलेली हवेची बंदूक उचलून आधी छातीवर, मग बाह्यांवर, शेवटी डोळे मिटून कॉलरच्या आत फुस्स फुस्स करत. 'अंगावर हवा मारू नये' ही पाटी त्याच भिंतीवर आहे. खाली सही त्यांचीच.

आल्या आल्या त्यांनी अक्कल पाजळली. कॉम्प्रेसरच्या खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र आहे, ड्रायर. तो उगाच वीज खातो म्हणून बंद केला. दाबाची हवा साठते त्या टाकीच्या बुडाशी हवेतून सुटून साचणारं पाणी टाकीवाले काका रोज सकाळी तोटी उघडून सोडत, तेव्हा थोडी हवाही जाई. ती वाया जाते म्हणून तोटी तारेने आवळून टाकायला लावली. तीस वर्षं टाकी सांभाळणाऱ्या काकांनी चाचरत तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "काका, हवेत पाणी नसतं. हवेत हवा असते." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

पंधरा दिवसांत बाटल्यांवरची लेबलं घसरायला लागली. लेबलं लावते माझी धाकटी जाऊ. आमचं दोघींचं फारसं जमत नाही. एक पातेलं घासायला ती अर्धा तास लावते आणि वर उपकार केल्यासारखी बघते. पण तिच्या लेबलाची कड कधी वाकडी गेली नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. जावईबापूंनी मात्र सगळ्यांसमोर तिचा तळवा उलटा करून बघितला आणि निदान केलं, "तुमच्या हाताला घाम येतो."

तिला रबरी हातमोजे दिले. लेबलं घसरतच राहिली. मग फर्मान निघालं की शनिवारी मालकीणबाई येतील तेव्हा तिला कामावरून काढायचं. मला खरा राग आला तो पुढच्या गोष्टीचा. आपल्या हाताला घाम येतो हे तिला पटलं! घरी पंख्याखाली हात धरून बसायची आणि मला विचारायची, "जाऊबाई, बघा ना, ओले लागतात का?"

मी साहेबांना सांगितलं, "बाटली तिच्याकडे यायच्या आधीच ओली असते, बोट फिरवून बघा." मी तिच्या आधीच्या टेबलावर बाटल्या तपासते, मला नाही कळणार?

"तुम्ही बाटल्या बघा," ते म्हणाले, "हवा मी बघतो."

शुक्रवारी ऑफिसच्या दाराशी काका वाकलेले दिसले. बंदुकीच्या नळीला एक पारदर्शक वाटी लावलेली आहे. तिची चिमुकली तोटी उघडून ते डब्यात तांबूस पाणी काढत होते.

"हे काय?"

"बंदुकीला वेगळी गाळणी आहे," काका म्हणाले. "हवेतलं पाणी वाटीत साचतं. दिवसातून दोनदा काढतो. नाहीतर साहेबांच्या शर्टावर उडायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे साहेबांच्या शर्टाला कोरडी हवा, आणि तिच्या बाटल्यांना ओली? आणि तुम्ही मूग गिळून गप्प?"

"माझी नोकरी आहे, बाई."

"तिचीही आहे. उद्या ही वाटी विसरा."

ते डबा घेऊन निघून गेले. भित्रा माणूस, मी मनात म्हटलं, आणि त्यांच्यावरची आशा सोडली.

शनिवारी मालकीणबाई आल्या. सगळ्यांना ऑफिसच्या दाराशी उभं केलं. जाऊ हातमोजे घालून खाली मान घालून उभी. माझी नजर वाटीकडे गेली. ती काठोकाठ भरली होती.

"आई, काही जणांना स्वच्छता म्हणजे काय तेच ठाऊक नसतं," जावईबापूंनी सुरुवात केली आणि सवयीने बंदूक उचलली. छातीवर रोखली. दाबली.

गंजाचं तेलकट पाणी गळ्यापासून पोटापर्यंत उडालं. बावचळून त्यांनी आणखी जोरात दाबली, तेव्हा चेहराही न्हाऊन निघाला.

"आई, हे... हवेत हे कसं..."

"हवेत हवा असते, साहेब," मागून काका म्हणाले.

मालकीणबाई हसल्या नाहीत. "बाटल्यांना हीच हवा लागते?"

"त्यांना गाळणीसुद्धा नाही," मी म्हटलं.

दुपारपर्यंत तार सुटली, ड्रायर सुरू झाला, आणि सोमवारपासून एक लेबल घसरलं नाही. जाऊची नोकरी राहिली. जावईबापूंचीही राहिली, जावई कसले निघतायत! पाहुणे आले की आता ते हवेतल्या ओलाव्याबद्दल भाषण ठोकतात. ओलावा त्यांनीच पकडला म्हणे. जाऊला मात्र 'चुकलं' एवढा एक शब्द बोलले नाहीत.

हातमोजे तिने परत केले. काल घरी मला चहा द्यायला आली, तर कप उचलण्याआधी दोन्ही हात टॉवेलला पुसले, आणि मग पुन्हा पुसले. मी तिचा हात धरला. खडखडीत कोरडा होता.

"कोरडा आहे गं," मी म्हटलं.

"खरंच?" ती म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन पुन्हा पुसला.