भंडारा लागलेलं चाक

मित्रांनो, पालमजवळच्या एका शेतातल्या आखाड्यावर सात शेळ्या ज्याला बांधलेल्या दिसतील, ते मळकं अलॉय चाक म्हणजे मीच. मी थापा मारत नाही. थोडं फुगवून सांगतो, एवढंच. हवेवरच जगलेला मी!

नवा होतो तेव्हा माझी चमक अशी, की परभणीच्या दुकानात दिवसा दिवे विझवून ठेवत. माझ्या मालकाच्या, भुजंगरावांच्या बोकडानं माझ्यात तोंड पाहून स्वतःलाच टक्कर मारली. खोटं वाटत असेल तर पोचा अजून आहे.

शेळ्या-मेंढ्या पाळून भुजंगरावांनी जुनी इलेक्ट्रिक कार घेतली होती. तिची मूळ चाकं त्यांना किरकोळ वाटली, म्हणून आम्ही चार रुंद भाऊ आलो. हरिओम मिस्त्रीनं गाडी जॅकवर चढवून आम्हाला बसवलं. चाक लटकलेलं, त्यामुळे वर मडगार्डखाली अख्खा पंजा जात होता.

"भुजंगराव, खाली उतरवून चार माणसं बसवा, स्टेअरिंग पूर्ण वळवून बघू," हरिओम म्हणाला.

"खंडोबाला न्हेऊन भंडारा लावल्याबिगर नव्या चाकावर माणूस बसवत न्हाई आमी. पंजा जायलाय की आत!"

ते एकटेच देवाला गेले. रिकामी गाडी लोण्यासारखी चालली. माझ्यावर पिवळा भंडारा पडला आणि मी जावयासारखा ताठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा, साधनाचा, परभणीला आरोग्यसेविका भरतीचा पेपर होता. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप.

"आबा, एस्टीची लाल गाडी यायलीय. मी जाते तिनं."

"घरची गाडी आसताना? बस गुमान, माय."

तिची आई भागुबाई, दोन आत्या, मामा, सगळे दाटीनं बसले. गाडी खाली दबली आणि माझा टायर मडगार्डला टेकला.

"आवो, काय घासायलंय?" भागुबाईंनी विचारलं.

"नवं हाय. बसंल."

मी ओरडत होतो. माझा ओरडा पार सेलूच्या जिनिंगपर्यंत गेला असेल, पण गाडीतल्या सहा जणांना कळला नाही. गंगाखेडच्या अलीकडे वळणावर खड्डा आला. मडगार्डच्या कडेनं टायर कातरला. या गाडीला स्टेपनी नसतेच. लाल गाडी केव्हाच पुढं निघून गेली होती.

दुसरं वाहन मिळून परभणी गाठेपर्यंत केंद्राचं फाटक बंद झालं होतं.

"पुढल्या साली दिऊ," भुजंगराव म्हणाले.

"पुढल्या साली माझं वय निघून जातंय, आबा."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. नवं चाक बसवाल तेव्हा गाडी जमिनीवर उतरवा, घरची सगळी माणसं आत बसवा, स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवा आणि मग फटीत हात घाला. देव तेवढ्यासाठी रागावत नाही.

भुजंगराव आता जुनी चाकं लावून गाडी चालवतात. निघताना दर वेळी बाकी सगळ्यांना बसवून, वाकून फटीत हात घालतात. साधना तेवढ्यात माझ्या आऱ्यांना शेळ्या बांधते. तिला कुठं जायचंच नसतं.