पेटीसाठी थांबणारी ओळ

शुभाताईंची भावगीतं एकेकाळी घराघरांत वाजायची. रेडिओ लावला की शुभाताई, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून त्या खोटं खोटं लाजायच्याही. मग कमलाकर गेले. नवरा गेला तशी पेटीही गेली, कारण बाईंच्या प्रत्येक गाण्याला साथ त्यांचीच. ताईंनी गाणं बंद केलं ते केलंच. मुलाने, प्रसन्नने, त्यांना सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथे सकाळी समुद्राकाठी फिरायचं, संध्याकाळी आमटीला फोडणी द्यायची. झालं, संपलं म्हणायचं!

पण कसलं संपतंय? तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी गळ घातली, ताईंनी एक गाणं म्हटलं आणि सारंग नावाचा मुलगा हात धुऊन मागेच लागला. आठवडाभर चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि सुट्टीत चाली बांधायच्या, असा त्याचा दुहेरी संसार. "ताई, नवा अल्बम करू. चाली माझ्या, आवाज तुमचा." ताई नाही नाही म्हणाल्या आणि एका सकाळी भाजी निवडता निवडता आपोआप गायला लागल्या. गळ्याला इतकी वर्षं उपाशी ठेवलं होतं, याचं त्यांना त्या दिवशी रडू आलं. मग काय, पाया लेबार भागात एक छोटा स्टुडिओ ठरला.

आणि पहिल्याच दिवशी माशी शिंकली. सारंगने गिटार, बासरी, तबला सगळं कॉम्प्युटरवर आधीच भरून ठेवलं होतं. ताईंनी कानाला हेडफोन लावून त्यावर गायचं, एवढंच. आवाज थोडा जाड झालेला, पण काळजाला हात घालणारा. पण एक ओळ संपली की ताई थांबायच्या आणि दुसरी उशिरा उचलायच्या. गाणं पुढे, बाई मागे. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच.

"हरकत नाही ताई," सारंग हळूच म्हणाला. "तुमची ओळ मी नंतर पुढे सरकवतो."

"सरकवतोस? मी काय कपाट आहे?"

ताईंनी आपलंच गाणं पुन्हा लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, मी पेटीसाठी थांबते," त्या म्हणाल्या. "माझी ओळ संपली की हे पेटीवर दोन सूर भरायचे, मान हलवायचे, मग मी पुढची ओळ घ्यायचे. जन्मभर अशीच गायले मी."

सारंग पोरगा भला. पुढच्या शनिवारी त्याने त्या मोकळ्या जागांमध्ये पेटी भरून आणली, पुण्याच्या चांगल्या वादकाकडून वाजवून घेतलेली. ताईंनी ऐकली. सूर चोख, बोटं तयार, नाव ठेवायला जागा नाही. "काढून टाक," त्या म्हणाल्या. "परका माणूस घरात शिरल्यासारखं वाटतं." पेटी नको, आणि तिच्यावाचून मोकळं सोडलं तर गाणं लंगडतं. शेवटी ताईंनीच सांगितलं, आणखी एकदा बघू, नाही जमलं तर राहू दे.

रविवारी समुद्राकाठी चालताना त्यांनी हे सगळं प्रसन्नला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा तुझ्यासाठी थांबायचे की तू बाबांसाठी?"

"दोघंही एकमेकांसाठी थांबायचो. म्हणून तर आमची गाणी लांबायची!" ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. गायचं तर होतंच. किती गायचं होतं, हे कुणाला कसं सांगणार!

शनिवारी त्या गायला उभ्या राहिल्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, अंतरा आला, त्या गाण्यात पार बुडून गेल्या. कधी सुरू झालं आणि कधी संपलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. काचेपलीकडे सारंग टाळ्या पिटत उठला.

"ताई, जमलं! एकही ओळ मागे नाही!"

ताईंनी हेडफोन काढला. तो छातीशी धरून त्या खुर्चीत बसल्या. सारंग घाबरून आत आला. "काय झालं? पुन्हा घ्यायचं का?"

"नको. चांगलं झालंय. हेच ठेव."

खाली प्रसन्न गाडी घेऊन आला होता. ताई शेजारी बसल्या, पट्टा लावला.

"कसं झालं, आई?"

"छान झालं. अल्बम होणार आता." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "आज मी थांबले नाही रे. एकदाही नाही. खरं सांगू? तुझे बाबा माझ्यापुरते आज गेले."