नातेवाइकाची सही

डोणगावच्या महामाया सिस्टरने तीस वर्षं गावाला सुया टोचल्या. निवृत्त झाली त्याच वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. सहा महिने गोळ्या, शेक, व्यायाम, सगळं करून झालं, पण हात वर जाईना. शेवटी ती एकटीच बसने खामगावच्या दवाखान्यात आली.

सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले, "टेंडन फाटलेला नाही, सुजलाय. मशीनवर बघत बरोबर त्याच जागी इंजेक्शन देऊ. संमतीच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही आणा."

"मीच केली तर?"

"सोबतचं माणूस लागतं, सिस्टर."

लग्न तिने केलं नव्हतं. नागपूरच्या भावाला, रवीला, फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. बाकावर शेजारी वरवट बकालची कोणी तानाबाई घोट्याची पट्टी बदलून बसली होती. महामायाने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाली, "बाई, एक सही देता काय? माह्यासोबत कोणी नाही."

"हाव, काऊन नाही? मले सही येते." तानाबाईने पेन घेतलं. "नातं काय लिहू?"

महामायाने फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं.

"बहीण लिहू दे," तानाबाई म्हणाली. "मोठी का लहान, ते कोन पाहते!"

आत पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी सरकली. औषध काळं पसरत गेलं. आत गेलेली सुई कुठं जाते, हे महामाया पहिल्यांदाच बघत होती. डाव्या हाताने तिने पलंगाची कड घट्ट धरली होती.

उठली तर हात सरळ वर गेला.

"हा इंजेक्शनमधल्या भुलीचा परिणाम," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी पुन्हा ठणकेल. खरा आराम तीन-चार दिवसांनी."

ती लगबगीने बाहेर आली. बाक रिकामा होता.

"त्यांची बस लागली, गेल्या त्या," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

संध्याकाळी घरी खांदा असा ठणकला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात रवीचा फोन आला. "ताई, काऊन फोन केला होता?"

"असाच," ती म्हणाली. "जेवला काय तू?"

चौथ्या दिवशी ठणका ओसरला. पंधरवड्यात हात अंगणातल्या तारेपर्यंत पोचू लागला. एके सकाळी ओली साडी तिने एका झटक्यात तारेवर टाकली आणि नकळत मागे वळून पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. तिने साडीची दोन्ही टोकं ओढून सरळ केली आणि बादली उचलली.